मार्था कस्टिसचा तिसरा हिस्सा

जॉर्ज वॉशिंग्टनच्या पत्नीबद्दल एक गोष्ट वारंवार सांगितली जाते. व्हर्जिनियातली तरुण विधवा मार्था कस्टिस पहिल्या नवऱ्याच्या अफाट दौलतीची एकटी मालकीण झाली, व्यवहाराचा गंध नसल्यामुळे तिने ती वॉशिंग्टनच्या हाती सोपवली, आणि म्हातारपणी पुन्हा विधवा झाल्यावर दयेपोटी सगळ्या गुलामांना मुक्त केलं. यातलं एकही विधान टिकत नाही. शेवटच्या विधानाने तर दीडशेहून अधिक माणसं हिशेबातूनच पुसली जातात, म्हणून हे लिहायला बसले.

आधी मालकीचं पाहू. मार्थाचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस जुलै 1757 मध्ये मृत्युपत्र न करता वारला. मार्था तेव्हा 26 वर्षांची होती. चार मुलांपैकी दोन आधीच गेली होती. उरली होती जॅकी आणि पॅट्सी, दोघंही अगदी लहान. मागे सुमारे 17,500 एकर जमीन होती आणि जवळजवळ 300 गुलाम होते. मृत्युपत्र नसल्यामुळे वाटणी व्हर्जिनियाच्या कायद्याने ठरली. रोकड, येणी, घरातलं सामानसुमान यांचे तीन सारखे भाग झाले : आई, मुलगा, मुलगी. यातला आईचा वाटा मार्थाच्या पूर्ण मालकीचा.

जमीन आणि गुलाम यांचं गणित वेगळं होतं. 1705 च्या कायद्याने वारसाहक्कापुरते गुलाम हे स्थावर मिळकतीत धरले जात. त्यातला एक तृतीयांश विधवेला मिळे, पण हयातीपुरता. या हक्काला डॉवर म्हणत. तिने कसावं, कसवून घ्यावं, उत्पन्न खावं. विकता येणार नाही, मृत्युपत्राने कुणाला देता येणार नाही. तिच्यामागे सगळं कस्टिस घराण्याच्या वारसांकडे परत.

आपल्याकडच्या वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये. 1937 च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा दिला तोही मर्यादितच होता. पूर्ण मालकी आली 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14 ने. एक फरक मात्र लक्षात ठेवावा. 1856 च्या पुनर्विवाह कायद्यानुसार दुसरं लग्न करणाऱ्या हिंदू विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा असा मर्यादित हक्क जाई. मार्थाचा डॉवर दुसऱ्या लग्नानंतरही शाबूत राहिला.

आता ‘व्यवहाराचा गंध नव्हता’ हे. नवरा जाऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा ऑगस्ट 1757 मध्ये तिने लंडनच्या रॉबर्ट केरी आणि कंपनीला पत्र घातलं. हे तंबाखूचे अडते : माल त्यांच्याकडे जायचा, ते विकून हिशेब कळवायचे आणि त्या पैशातून मागवलेल्या वस्तू परतीच्या जहाजाने पाठवायचे. इस्टेटीचा कारभार आता मी पाहते, तंबाखू तुमच्याकडे येत राहील, भाव चांगला मिळायला हवा, असा त्या पत्राचा रोख आहे. अडत्याशी भावाबद्दल असं बोलणाऱ्या बाईला अजाण म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे. शिवाय डॅनियलच्या आजोबांच्या कर्जावरून कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावरच्या, घराण्याच्या दुसऱ्या शाखेशी चाललेला जुना दावा तिच्या गळ्यात होता. तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे वसाहतींच्या शेवटच्या अपिलापर्यंत, गेला होता आणि निकाल उलटला असता तर इस्टेटीला मोठं भगदाड पडलं असतं. तिने वकिलांचा सल्ला घेतला आणि काम रेटलं.

6 जानेवारी 1759 ला तिने वॉशिंग्टनशी लग्न केलं, आणि त्या काळच्या कायद्याने विवाहित स्त्रीच्या मिळकतीचा कारभार नवऱ्याकडेच जाई. तिने ‘सोपवला’ म्हणणं म्हणूनच चूक.

राहिला मुक्तीचा मुद्दा. वॉशिंग्टन 14 डिसेंबर 1799 ला वारला. माउंट व्हर्नन या त्याच्या इस्टेटीवर त्या वर्षी 317 गुलाम होते. त्यातले 123 त्याच्या स्वतःच्या मालकीचे होते. मार्थाच्या मृत्यूनंतर त्यांना मोकळं करावं, असं त्याने मृत्युपत्रात लिहिलं होतं. मार्थाने ती मुक्ती 1 जानेवारी 1801 पासून, म्हणजे आधीच, अमलात आणली. कारण? आपल्या मृत्यूवर ज्यांची सुटका अवलंबून आहे अशा माणसांत तिला सुरक्षित वाटत नव्हतं, असं तिला भेटून आलेल्या, राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्सची पत्नी ॲबिगेल ॲडम्सने पत्रात लिहून ठेवलं आहे. यात दया किती होती ते ज्याचं त्याने ठरवावं. मला त्यात भीती जास्त दिसते.

आणि डॉवरचे 153? त्यांना मुक्त करण्याचा अधिकार ना जॉर्जला होता ना मार्थाला. 22 मे 1802 ला ती गेली आणि ही माणसं तिच्या चार नातवंडांत वाटली गेली. दोन्ही गटांत आपसांत लग्नं झालेली होती, त्यामुळे बाप मोकळा, आई आणि मुलं गुलाम, अशीही घरं होती. एलिशा नावाचा एक माणूस मात्र पूर्णपणे मार्थाच्या मालकीचा होता. त्याला सोडण्यापासून तिला कोणताही कायदा अडवत नव्हता. तिने तो मृत्युपत्राने नातवाला दिला.

ओना जज नावाची गुलाम स्त्रीही डॉवरमधलीच. मे 1796 मध्ये ती फिलाडेल्फियातून निसटली आणि न्यू हॅम्पशरला पोचली. वॉशिंग्टनने तिला परत आणण्याचे प्रयत्न केले, ते फसले. 1848 मध्ये ती वारली तेव्हाही कायद्याच्या लेखी ती कस्टिस वारसांची मिळकत होती. तिच्या पोटी जन्मलेली मुलंही.