हात न लावण्याची पाककृती

दर दोन वर्षांनी कोल्हापूरला जायची वेळ आली की एकच प्रश्न पडतो: न्यायचं काय? चॉकलेटं आता तिथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, शांपूच्या बाटल्यांचे दिवस तर कधीच सरले. राहता राहिली मेपल कँडी. पानाच्या आकाराची, बदामी रंगाची, जिभेवर ठेवली की विरघळणारी. पण इथे कॅनडात, ओटावाला तिच्या एका छोट्या खोक्याचे जे पैसे पडतात, तेवढ्यात तिकडे आख्ख्या टोळक्याला कट-मिसळ घालता येते. आणि आमची भावकी म्हणजे 28 घरं.

तेव्हा मार्चमधल्या एका शनिवारी मी जाहीर केलं, "या वेळी कँडी घरी करायची." बायकोने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये घातली. ती भांडत नाही. ती वाट बघते.

माझाही अगदीच दोष नव्हता. कृतीच फसवी होती. साहित्य: मेपल सिरप. बस्स. अहो, साध्या पोह्यांना मीठ-साखर धरून नऊ जिन्नस लागतात. ज्याला एकच जिन्नस लागतो तो पदार्थ चुकणार कुठे?

आई तेव्हा आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आली होती. आदल्या रविवारी तिला नदीपलीकडे क्युबेकमधल्या एका शुगर शॅकमध्ये, म्हणजे मेपलच्या झाडाचा रस आटवून सिरप करतात त्या खोपटात नेलं होतं. रात्री पारा शून्याखाली, दिवसा शून्यावर, असे दिवस आले की मेपलच्या खोडातून रस ठिबकायला लागतो. पाण्यासारखा पातळ, साखर त्यात जेमतेम 2 टक्के. असा 40 लिटर रस आटवावा तेव्हा 1 लिटर सिरप हाती लागतं. लाकडाच्या जाळावर रुंद पत्र्याच्या कढया, छपरातून बाहेर पडणारी वाफ, फेस काढणारा बाप्या. आईचं माहेर कागलकडचं, गुऱ्हाळवाल्यांचं. ती दारातच थांबली, एक लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "हे तर आपलंच की रे. फक्त उसाच्या जागी झाड." मग बर्फावर ओतलेला गरम पाक काडीला गुंडाळून खाल्ला आणि निकाल दिला, "काकवीच आहे. जरा नाजूक."

त्या दिवसापासून या विषयात घरात दोन तज्ज्ञ झाले. एक मी, थर्मामीटरवाला. दुसरी आई, बोटवाली.

पहिली खेप. सेलमध्ये होतं म्हणून गडद रंगाचं सिरप आणलं. 540 मिलिलिटरचा डबा, म्हणजे हिशेबाने बावीसेक लिटर रस. तो मी एका बुटक्या पातेल्यात ओतला. सिरप उकळायला लागलं की ते दुधासारखं वर येतं, पण दुधाला थोडी तरी लाज असते. हे फुगलं, काठापर्यंत आलं आणि मी "अगं अगं" म्हणेपर्यंत शेगडीवर पसरलं. स्मोक अलार्म वाजायला लागला. मुलगी कानात बोटं घालून जिन्यात उभी राहिली. आईने शांतपणे पुढे येऊन पातेल्यात तुपाचा थेंब टाकला आणि फेस मुकाट खाली बसला. "गुऱ्हाळात तेल टाकतात," ती म्हणाली, "उतू जाऊ नये म्हणून." हे ती आधीही सांगू शकली असती. विचारलं तर म्हणाली, "तू कुठं विचारलंस?"

उरलेलं सिरप कितीही घोटलं तरी घट्ट म्हणून होईना. नंतर कळलं, गडद सिरपमध्ये साखरेचा काही भाग आधीच फुटलेला असतो आणि तो कण धरू देत नाही. कँडीला लागतं फिकट, सोनेरी, हंगामाच्या सुरुवातीचं सिरप. म्हणजे महागातलं. दोन दिवस मी शेगडीवरची पापुद्र्यासारखी साखर चाकूने खरवडत होतो आणि पाच लिटर रस वाया गेला असेल की सहा, याचा हिशेब करत होतो. याच क्युबेकमधून 2011-12 च्या सुमारास चोरांनी सिरपच्या राखीव गोदामातून 3000 टनांच्या आसपास माल लांबवला. काही पिंपांत तर गवळ्याच्या थाटात पाणी भरून ठेवलं. आधी मी त्या बातमीला हसलो होतो. आता चोरांबद्दल आदर वाटायला लागला.

दुसरी खेप सोनेरी सिरपची, उंच पातेल्यात, तुपाच्या थेंबासह. पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर 13 अंश, म्हणजे 113 सेल्सियसला उतरवायचं. मी थर्मामीटरवर डोळे रोवून उभा. आई वाटीत गार पाणी घेऊन उभी. माझा काटा 113 वर टेकला आणि त्याच क्षणी तिने थेंब पाण्यात सोडून बोटांनी चाचपला. "मऊ गोळी. उतरव." विज्ञान आणि माहेर यांचं असं एकमत आमच्या घरात प्रथमच होत होतं.

खरा छळ त्यापुढे. कृतीत लिहिलं होतं: आता 80 अंशांपर्यंत निवू द्या. ढवळू नका. भांडं हलवू नका.

हलवू नका! ज्या घरात आमटीला उकळी येईस्तोवर तिच्यात चार वेळा डाव फिरतो, त्या घराला हे सांगायचं? गरम असताना ढवळलं की साखरेचे थोडे पण मोठे कण धरतात आणि वडी खरबरीत होते, निवल्यावर घोटलं की बारीक कण, मऊसूत वडी. हे मी आईला कागदावर काढून समजावलं. तिने मान डोलावली. मी फोन घ्यायला बाहेर गेलो. परत आलो तर कलथा पातेल्यात.

"जरा बुडाला लागतंय का बघितलं."

"आई, गॅसच बंद आहे!"

"मग काय झालं? बघायला नको?"

खरबरीत झाली. दाताखाली वाळू. पण प्रामाणिकपणे सांगतो, तिसऱ्या खेपेला पहिलं बोट माझंच होतं. पातेलं तसं समोर गप्प बसलेलं असताना, त्याच्यावर ती सोनेरी साय चमकत असताना, नुसतं बघत उभं राहणं माणसाच्या हातून होत नाही. शेवटी बायकोने मोबाइल खाली ठेवला, आम्हा दोघांना हॉलमध्ये बसवलं आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली. पाऊण तास आई आणि मी मायलेक सोफ्यावर, हात मांडीवर, ऑपरेशन थिएटरबाहेर बसल्यासारखे.

"वेलची घालूया का थोडी?" आईने कुजबुजत विचारलं.

"नाही. फक्त मेपल."

"नुसतं गोड गोड लागेल रे."

80 अंशांवर आत शिरलो. चौथ्या खेपेच्या वेळी बोलतोय, तिसरी विसरा. घोटायला लागलो. पाच मिनिटं काहीच नाही, नुसता चमकणारा चिकट पाक आणि दुखणारा खांदा. मग अचानक चमक गेली, रंग पिठूळ, लोण्यासारखा झाला. आणि इथून माणसाकडे अर्धं मिनिट असतं. मागवलेले पानाचे साचे रबरी, सुबक, पण पानाचा देठ हमखास साच्यातच राहत होता. सहा पानं बिनदेठाची निघाली, पातेल्यातलं घट्ट व्हायला लागलं, मी ओरडायला लागलो, तेवढ्यात आईने तिच्या पिशवीतून मोदकाचा साचा काढला. गणपतीला लागेल म्हणून आणलेला, मार्चमध्ये. तुपाचं बोट फिरवलं, दाबलं, उघडला. कळीदार मोदक. एकावर एक, 31 मोदक.

जूनमध्ये ते डब्यात घालून कोल्हापूरला नेले. मामींनी एक उचलला, उजेडात धरून कळ्या बघितल्या, तोंडात टाकला, डोळे मिटले. सगळी भावकी गप्प. चार डबे सिरप, एक पातेलं आणि एका शेगडीचा रंग गेलेला, माझं सगळं चित्त त्या मिटलेल्या डोळ्यांत.

"चांगलाय," मामी म्हणाल्या. "साखर जरा जास्त पडलीय."

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "वेलची घाल म्हटलं होतं मी."