लिंबू चोळा, सारं निघते!

आमच्याकडे पंचेचाळीस अंशांचं ऊन आणि लग्नसराई जोडीनंच येतात, अन् दोन्हींवर सल्ला एकच: "लिंबू चोळ ना व माय!" प्रत्येक गावात एक माणूस असतोच, लग्नात वाढपी, मयतीत पुढे आणि ग्रामसभेत माईकपाशी. लिंबाचं तेच झालंय. माझा त्याच्यावर राग नाही. जे जमतं ते त्याला झकास जमतं.

कूलरच घ्या. बोअरचं पाणी जड, टाकीला पांढरा थर बसतोच. त्यावर ब्लीच ओतणाऱ्यांना मी लांबूनच हात जोडते. ब्लीच रंग उडवतं, जंतू मारतं. क्षाराला मात्र ढिम्म हलवत नाही. क्षार आम्लानंच विरघळतो. लिंबाची फोड घासा, बारीक फसफस कानाला ऐकू येते. पण अख्ख्या टाकीला लिंबं पिळाल तर मे महिन्याच्या भावात दुसरा कूलर येईल! किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व आणा. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे घालून अर्धा तास थरावर राहू द्या, मग घासा आणि भरपूर पाण्यानं धुवा. आम्ल राहिलं तर पत्रा गंजतो. शहाबादी फरशीवर सांडू नका. तीही चुनखडीचीच, क्षारासोबत तिची चकाकीही जाते.

लोखंडी पेटीतल्या पांढऱ्या धोतरावर गंजाचा डाग? लिंबू, मीठ आणि ऊन. वाळलं की पुन्हा रस. ब्लीचनं हा डाग उलट पक्का होतो. हळदीचं वेगळं. साबण लागताच ती लाल होते, घाबरून लिंबू चोळलं की परत पिवळी. म्हणजे डाग गेला नाही, मूळ पदावर रुजू झाला. हळद खरी भिते उन्हाला. धुऊन ओलंच वाळत घाला. रेशमी शालूला मात्र ब्लीच दाखवूही नका, पिवळा पडून विरतो.

तोंडाला लिंबू लावून वरातीत फिरणाऱ्यांचं काय सांगावं? आपल्या कागदी लिंबाच्या रसावर ऊन पडलं की कातडी भाजते आणि काळे चट्टे महिनोन्महिने मुक्काम करतात. पार्लरचं ब्लीच हायड्रोजन पेरॉक्साइडचं असतं; न्हाणीतली बाटली तोंडाजवळही नेऊ नका.

दोन्हींची ताकद एकत्र करू म्हणणारे खरे महाभाग. ब्लीचमध्ये लिंबू पडलं की क्लोरीन वायू सुटतो. डोळे झोंबले, खोकला आला, की बादली तिथंच सोडा आणि आधी बाहेर पळा.

राहिलं पिण्याचं पाणी. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, वर तासभर थांबणं. विहिरीत लिंबू टाकलं तर फार तर नजर उतरेल, हगवण नाही. अर्थात टीसीएलचं पोतं उघडं राहिलं तर त्यातला क्लोरीन उडतो, आणि मग तीही बसते लिंबाच्याच पंगतीला.