पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढला की सरळ जेल? नाही भाऊ

आपल्या नागपूरच्या वस्तीवस्तीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला, की पोलीस स्टेशनात मोबाईलनं शूटिंग केलं तर ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट (सरकारी गुपितं अन् हेरगिरीबद्दलचा कायदा) लागतो. हे चूक आहे.

2018 मध्ये वर्ध्याला असाच गुन्हा लावला होता एकावर, तर 2022 च्या जुलैत आपल्याच मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं तो रद्द केला. निकालात स्पष्ट लिहून आहे की 1923 च्या त्या कायद्यात 'प्रतिबंधित ठिकाण' कोणतं त्याची व्याख्या दिली आहे, आणि पोलीस स्टेशन त्यात येत नाही. निकाल नेटवर सापडते, वाचून घ्या. अन् 2020 मध्ये तर सुप्रीम कोर्टानंच ठाण्यांत सीसीटीव्ही लावायला सांगितलं, मग लपवायचं काय?

आता याचा अर्थ कॅमेरा घेऊन साहेबांच्या तोंडासमोर नाचा असा नाही हं. कामात अडथळा आणला तर त्याचं वेगळं कलम आहेच, आणि बलात्काराच्या केसमधल्या पीडितेची ओळख कुठंच टाकायची नाही, तो गुन्हाच आहे.

पोलिसांच्या कामावर लक्ष ठेवणारे लोक अशा मेसेजनं उगाच भितात, म्हणून तो पुढं पाठवू नका, अन् ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथं हे टाका.