‘फी माफ’ म्हणजे नेमकी कुठली फी? निफाडच्या दादांना उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया झोंबली, आणि झोंबायलाच हवी होती. “मुलींना इंजिनिअरिंग फुकट असं लिहून तुम्ही मोकळे झालात, माझ्या लेकीच्या अ‍ॅडमिशनला नाशिकच्या कॉलेजनं साडेबावीस हजार भरून घेतले. सरकार काही देत नाही, सगळा दिखावा.” मागच्या लेखाच्या मथळ्यातलं ‘फुकट’ माझंच. चुकलं, काढून टाकलंय.

दिखावा मात्र म्हणू नका. आधी पावती काढा. ट्यूशन फी आणि डेव्हलपमेंट फी अशा दोन वेगळ्या ओळी दिसतील. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींना जी 100 टक्के माफी मिळाली, ती ट्यूशन आणि परीक्षा फीची. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं, प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला असेल तर विषय संपला. डेव्हलपमेंट फी, डिपॉझिट, बस, मेस हे आपल्याच खिशातून. तुमचे साडेबावीस हजार बहुधा इथलेच. पण ट्यूशनच्या ओळीत आकडा असेल तर प्रिन्सिपलना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलून काही होत नाही.

(मुलगा असता तर ट्यूशन फीच्या निम्म्याच माफीवर भागवावं लागलं असतं.)

लेक गंगापूर रोडला रूम घेऊन राहते म्हणालात. तुम्ही ओबीसी, सरकारी वसतिगृहही मिळालेलं नाही, तर राहण्या-जेवणाच्या खर्चाला मदत देणारी सावित्रीबाई फुले आधार योजना बघा. नाशिक शहरासाठी वर्षाला 51 हजार. मेख अशी, की इथं उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, आठ नाही. शिवाय जागा ठरावीक, निवड मार्कांवर. त्यामुळे हे पैसे मिळतीलच असं धरून रूमचं भाडं ठरवू नका.

आणखी एक, घरचाच अनुभव. भाच्याच्या महाडीबीटीवर (शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल) पैसे जमा झाल्याचं दिसत होतं आणि खात्यात दमडी नाही. दोन महिने आम्ही कॉलेजच्या क्लार्कवर चिडत होतो. पैसे गेले होते त्याच्या शाळेतल्या जुन्या खात्यात, कारण आधार कार्ड तिथंच जोडलेलं. पासबुक सापडलं आजीच्या ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली. लेकीचं आधार कुठल्या खात्याला जोडलंय, ते आजच बँकेत विचारा.

पावतीचा फोटो टाका, नाव झाकून. एकेक ओळ बघून सांगतो.