डिस्चार्ज कार्डवर न लिहिलेलं दुखणं

एप्रिल २०२१, कोविडची दुसरी लाट. तेव्हा माणसाची विचारपूससुद्धा आकड्यांत व्हायची. "स्कोर किती? सॅच्युरेशन किती?" आमच्या अण्णांचा एचआरसीटी स्कोर, म्हणजे छातीच्या स्कॅनवरून काढलेला फुप्फुसाच्या बिघाडाचा आकडा, २५ पैकी १७ होता. चौदा दिवस आयसीयू, त्यातले नऊ बायपॅपवर, म्हणजे मास्कमधून दाबानं श्वास देणाऱ्या यंत्रावर. घरी आले तेव्हा आईनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, गल्लीनं टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या लेखी आजार संपला होता.

अण्णा मात्र रात्री दिवा बंद करू देत नव्हते. तासाभरात पाच-सहा वेळा ऑक्सिमीटर लावायचे. ९७ आलं तरी विश्वास बसायचा नाही, मग दुसरं बोट. आयुष्यभर एकट्यानं रात्री उसाला पाणी दिलेला हा माणूस संडासाचं दार आतून लावायला घाबरायचा. एका रात्री मला जवळ बसवून हळूच म्हणाले, "पोरी, तिथं माणसं बांधून विहिरीत सोडायची. मी बघितलंय."

आम्ही काय केलं? "अण्णा, देवाच्या कृपेनं वाचलात, आता कशाला ते आठवायचं?" मीही हेच म्हणाले, अनेकदा. त्यांच्या शेजारच्या कॉटवरचा, माझ्याच वयाचा मुलगा त्यांच्यादेखत गेला होता. "तो गेला आणि मी म्हातारा राहिलो," हे त्यांनी सांगायचं तरी कुणाला? आम्ही तोंडच बंद केलं होतं.

दोन महिन्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, तेही झोपेची गोळी मागायला. त्यांनी अर्धा तास नुसतं ऐकून घेतलं. मग सांगितलं, की तिथं जे दिसलं त्याला डेलिरियम म्हणतात. ऑक्सिजन कमी पडलेला, अंगात ताप आणि दाह, गुंगीची औषधं, दिवसरात्र तोच उजेड, पीपीई किटमधली बिनचेहऱ्याची माणसं, घरचं कुणी जवळ नाही. अशा वेळी मेंदू दिसेल त्याची भलतीच जुळणी करतो. मास्क ओढून काढू नये म्हणून हात बांधले असतील, त्याचंच पुढे 'माणसं बांधायची' झालं असेल. स्टिरॉइडनं झोप उडते, चिडचिड वाढते, तेही त्यात मिसळलेलं. "तुम्हाला वेड लागलेलं नाही, अण्णा," एवढं ऐकलं आणि माझे वडील लहान पोरासारखे रडले.

हे एकट्या आमच्या घरचं नव्हतं. त्याच एप्रिलात ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 'लॅन्सेट सायकिअट्री' या वैद्यकीय नियतकालिकात २,३६,३७९ कोविडरुग्णांच्या नोंदी तपासून मांडल्या. नोंदी बहुतांश अमेरिकेतल्या. सहा महिन्यांत सुमारे ३४ टक्क्यांना मनाच्या किंवा मेंदूच्या एखाद्या आजाराचं निदान झालं होतं, आयसीयूत राहिलेल्यांत ४६ टक्क्यांना. काहींना तो त्रास आधीपासूनही होता, पण म्हणून हा आकडा सोडून द्यायचा का?

अण्णांचं डिस्चार्ज कार्ड मी अजून जपून ठेवलंय. गोळ्या, साखरेचा तक्ता, फुप्फुसाच्या व्यायामाच्या स्पायरोमीटरचे तीन चेंडू किती वेळा वर उचलायचे, सगळं आहे. मनाबद्दल एक ओळ नाही. तेव्हाचे डॉक्टर आणि सिस्टर स्वतःच मोडून पडले होते, त्यांना मी बोल लावणार नाही. पण यासाठी मोठा तज्ज्ञ लागतच नाही. घरोघर सॅच्युरेशन विचारणाऱ्या आशाताई "झोप लागते का? तिथलं काही डोळ्यांपुढं येतं का?" हेही विचारू शकल्या असत्या. त्यांना तेवढं शिकवायचं आणि त्याचे पैसे द्यायचे. पंधरा दिवसांनी एक फोन, तीन महिन्यांनी एक. आणि कोविड असो, हार्ट असो की अपघात, आयसीयूतून पेशंट घरी सोडताना डेलिरियम म्हणजे काय हे नातेवाइकांना सांगितलंच पाहिजे. आम्हाला ते माहीत असतं, तर अण्णांचे दोन महिने वाचले असते.

१४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. तुमच्या घरी कुणी अजूनही दिवा लावून झोपत असेल, तर आज त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. मग हा नंबर लावून द्या.