बाहेरचा कोण, काका?

आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी परवा एक फॉरवर्ड टाकला, की हे मिशनरी बाहेरून येतात, आदिवासींना भडकवतात आणि मग धरणं अडवतात. खाली सतरा अंगठे. बाकीचं सोडा, पण ते "बाहेरून" वाचून माझी सटकलीच. चौदा वर्षं ऑस्ट्रियातल्या डॉर्नबिर्नला राहतोय, हॉफर सुपरमार्केटमधल्या बाईला अजून माझं जर्मन दोनदा ऐकावं लागतं, म्हणजे बाहेरचा मीच की!

इथून सायकलने तासाभरात कोब्लाख येतं. १९३९ साली तिथे जन्मलेला एर्विन क्रॉइटलर १९६५ ला ब्राझीलला गेला आणि १९८१ ते २०१५ तिथल्या शिंगू नदीकाठच्या भागाचा बिशप होता. त्याचा धर्मप्रांत आपल्या अख्ख्या महाराष्ट्राहून मोठा, तोही ॲमेझॉनचा. काका विचारणार, धर्मांतरं किती केली? मिशनरी सगळे धुतल्या तांदळाचे नाहीत, मान्य, पण हा माणूस भांडला जमिनीसाठी. ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेत मूळ रहिवाशांचा त्यांच्या जमिनींवरचा हक्क आला, त्यामागे चर्चच्या ज्या परिषदेचा रेटा होता तिचा तो तेव्हा अध्यक्ष. ती राज्यघटना तयार होत असतानाच, १९८७ मध्ये, त्याच्या गाडीला समोरून धडक बसली, सोबतचा पाद्री गेला, हा कसाबसा वाचला. अपघात नव्हताच तो, असं मानणारे पुष्कळ आहेत. २००५ मध्ये त्याच भागात जंगल आणि जमिनीसाठी लढणाऱ्या डोरोथी स्टँग या ननला गोळ्या घातल्या, आणि पुढच्या वर्षापासून बिशपच्या मागेपुढे पोलीस.

शिंगूवरच्या बेलो मोंते धरणालाही त्याचा विरोध होता. आणि एवढं करून ते धरण झालंच. हजारो लोक विस्थापित झाले.

इथे ऑस्ट्रियात १९८४ ला हाइनबुर्गच्या जंगलात लोक कडाक्याच्या थंडीत ठाण मांडून बसले, डॅन्यूबवरचं धरण रद्द झालं, आता तिथे नॅशनल पार्क आहे. त्यांना कोणी विकासविरोधी म्हणत नाही, उलट शाळेत शिकवतात. हे मी ग्रुपवर मोठ्या तोऱ्यात लिहिलं. बेलो मोंतेची यंत्रं पुरवण्यात एक ऑस्ट्रियन कंपनीही होती, ते मात्र लिहिलं नाही.

काकांचं उत्तर: "तू तिकडे बसून शिकवू नको. शहाद्यात असताना कधी गेला होतास का पाड्यावर?"

नव्हतो गेलो. सरदार सरोवरात आमच्याच नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं बाधित झाली, आमच्या घरी त्याची चर्चा म्हणजे पाणी आपल्याला कधी मिळणार एवढीच. क्रॉइटलरने ब्राझीलचं नागरिकत्व घेतलं, मीही इथला लाल पासपोर्ट घेतलाय, पण तो ज्यांच्यात गेला त्यांच्यासाठी मार खायला गेला आणि मी पगारासाठी आलो, हे मला कळतं हो.

रात्री आईला फोन केला. आपल्याकडे सालदार होता ना, डोंगरातला, त्याचं गाव कुठलं गं?

"वरचं कुठलं तरी. आता कुठे आठवणार," आई म्हणाली, आणि मग विचारलं, तिकडे बर्फ पडला का.