शार्क टाकीच्या मापाने वाढत नाही

शार्कला फिश टँकमध्ये ठेवलं तर तो आठ इंच वाढतो आणि समुद्रात सोडलं तर आठ फूट. शार्क तोच, जागा वेगळी. तेव्हा तुमची वाढ खुंटली असेल तर आजूबाजूची माणसं बदला. अशा आशयाचा मजकूर, मागे दात विचकणाऱ्या शार्कचा फोटो लावून, कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर सकाळच्या सुप्रभातासोबत येतच असतो. नोकरी सोडणाऱ्याला तो पाठवतात आणि पुण्याला शिकायला निघालेल्या भाच्यालाही. सल्ला घ्यायचा की नाही हे ज्याचं त्याने बघावं. मला बोलायचंय ते त्यातल्या शार्कबद्दल, कारण त्याच्याविषयी सांगितलेलं जवळजवळ काहीच खरं नाही.

आधी ते आठ इंच. शार्क म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ग्रेट व्हाइट येतो. त्याचं पिल्लू जन्मतं तेच मुळी चार ते पाच फुटांचं. आठ इंचांवर यायचं तर त्याला आधी आक्रसावं लागेल. बुल शार्कचं नवजात पिल्लूही दोन फुटांच्या आसपास असतं. टाकी वाढ रोखते असं वादापुरतं धरलं, तरी जन्मतःच झालेली लांबी ती परत घेणार कशी?

आता आठ फूट. शार्क ही काही एकच जात नव्हे, पाचशेहून जास्त जाती आहेत. कोलंबिया-व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापुढे खोल पाण्यात ड्वार्फ लँटर्नशार्क नावाचा शार्क राहतो. तो पूर्ण वाढला तरी जेमतेम आठ इंच, तेही अख्खा कॅरिबियन समुद्र मोकळा असताना. एवढ्या लांब जायचं नसेल तर आपल्या कोळणीच्या पाटीतली मुशी घ्या. मालवणकडे तिलाच मोरी म्हणतात. मुशी या नावाखाली दोन-चार जाती विकल्या जातात, पण कोकण किनाऱ्यावर सर्रास मिळते ती चपट्या, फावड्यासारख्या नाकाची. शास्त्रीय नाव स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. फूटभर झाली की ती वयात येते आणि कितीही जगली तरी अडीच फुटांच्या आतच राहते. अरबी समुद्र तिला कमी पडला असं काही झालेलं नाही. दुसऱ्या टोकाला व्हेल शार्क, जो चाळीस फुटांपर्यंत जातो. लांबी ठरते ती मुख्यतः जातीवरून.

‘टाकीत तो वाढतच नाही’ हा मात्र या दाव्याचा कणा आहे, तेव्हा इथे जरा थांबू. ही गोष्ट तपासायला कुठल्या प्रयोगशाळेत जावं लागत नाही, मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयांमध्ये ती लोकांच्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. जपानमधल्या ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयातला जिंता नावाचा व्हेल शार्क १९९५ मध्ये पाळायला घेतला, तेव्हा सुमारे ४.६ मीटरचा होता. माणसांनी बांधलेल्या जागेत राहूनच पुढे तो साडेआठ मीटरच्या वर गेला आणि नर म्हणून वयातही आला. त्याच्यासाठीची टाकी साधी नाही. ७,५०० घनमीटर म्हणजे ७५ लाख लिटर पाणी, आणि समोरची ॲक्रिलिकची भिंत ६० सेंटीमीटर जाडीची. इथे टाकीने शार्कचं माप ठरवलेलं नाही. शार्क किती वाढणार हे धरून माणसांनी टाकी बांधली.

आणि टाकी कमी पडली तर? त्याचंही उत्तर आहे. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बे मत्स्यालयाने सप्टेंबर २००४ मध्ये ग्रेट व्हाइटचं एक मादी पिल्लू ठेवलं. येताना ते सुमारे पाच फुटांचं आणि २८ किलोंचं होतं. १९८ दिवसांनी त्याला समुद्रात सोडलं, तेव्हा लांबी सहा फुटांच्या पुढे आणि वजन ७३ किलोंच्या आसपास होतं. टाकीत, जेमतेम सात महिन्यांत, वजन अडीच पटीहून जास्त! शिवाय तोवर त्याच टाकीतल्या दोन सूपफिन शार्कांचा त्याने जीव घेतला होता. म्हणजे त्याला बाहेर काढावं लागलं ते वाढ खुंटली म्हणून नव्हे, वाढता वाढता ते शेजाऱ्यांची शिकार करू लागलं म्हणून. उलट २०१६ च्या जानेवारीत चुराउमीत आणलेला मोठा ग्रेट व्हाइट तीन दिवसांत मेला. तो आठ इंचांचा व्हायला थांबला नाही.

मग मत्स्यालयात आपल्याला छोटे शार्क का दिसतात? माझ्या मते या गैरसमजाचं मूळ इथेच असावं. ग्रेट व्हाइट किंवा माको यांना कल्ल्यांवरून पाणी वाहतं ठेवायला सतत पोहावं लागतं, थांबले की श्वास अडतो. बांबू शार्क, नर्स शार्क यांसारख्या जाती तळाशी पडल्या पडल्या तोंडाने पाणी खेचून कल्ल्यांवर सोडू शकतात, म्हणून बंदिस्त जागेत त्या निभावतात. बांबू शार्क तर मुळातच दोन-तीन फुटांचा. काचेपलीकडे छोटा शार्क दिसतो तो छोट्या जातीचा निवडून आणलेला किंवा अजून पिल्लू असलेला. पाहणाऱ्याला वाटतं, टाकीने त्याला लहान ठेवलं.

दाव्यात खरं आहे ते एवढंच, की वाईट टाकीत माशाची वाढ खुंटते. पाणी वेळेवर बदललं नाही की अमोनिया साचतो, प्राणवायू कमी पडतो, खाणं अंगी लागत नाही. पण हे जुळवून घेणं नव्हे, आजारपण आहे, आणि असा मासा सहसा लवकर मरतो. चांगल्या मत्स्यालयांतही बंदिवासाची किंमत मोजावी लागते. तिथल्या सँड टायगर शार्कांमध्ये पाठीचा कणा वाकडा होण्याचा विकार पशुवैद्यांनी नोंदवला आहे. मत्स्यालयांवर टीका करायची असेल तर ती अशा गोष्टींवरून करा, मी सोबत येईन. ‘शार्कला लहान करून ठेवतात’ हा आरोप मात्र चुकीच्या जागी मारलेला दगड आहे.

आता कुणीतरी म्हणेलच, अहो, ते उदाहरण आहे, एवढं काय मनावर घेता? घेतलं नसतं. पण हेच वाक्य शोभेच्या माशांच्या दुकानात अगदी शब्दशः वापरलं जातं. काचेच्या दोन फुटी टाकीत चंदेरी-काळे, चार बोटांएवढे ‘शार्क’ फिरत असतात. गिऱ्हाईक विचारतं, हा केवढा होईल? उत्तर ठरलेलं: टाकी जेवढी, तेवढाच. तो शार्क नसतोच. तो पंगास, आग्नेय आशियातल्या मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांमधला मार्जारमीन म्हणजे कॅटफिश, मोकळ्यावर मीटरभराहून मोठा होणारा. शेततळ्यांत वाढवून त्याचाच काटे काढलेला तुकडा हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतो. घरात शोभेचा म्हणून ठेवलेला आणि शुक्रवारी तळून खाल्लेला मासा एकच, हे कळल्यावर काही जणांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

हा पंगास दोन फुटी टाकीत मावत नाही. घाबरट जात, काचेवर नाक आपटून जखमी होते. जगली तर वर्ष-दोन वर्षांत वळायलाही जागा उरत नाही. मारायचा जीव होत नाही, दुकानदार परत घेत नाही, मग एखाद्या रात्री बादलीतून तलावात. टाकीतलं शेवाळ खायला आणलेल्या सकर माशाचंही असंच होतं. दक्षिण अमेरिकेतला हा मासा उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला आहे. अंगावरच्या काट्यांनी जाळी फाटते आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. घ्यायचाच असेल मासा, तर दुकानात त्याचं शास्त्रीय नाव विचारा, पूर्ण वाढ किती होते ते मोबाइलवर तिथेच बघा आणि मग टाकीचं माप सांगा.